हँडलच्या मशीनवाले आप्पा

परवा मोबाईलवर एक जाहिरात आली. काळ्या बिडाचं, मोठ्या चाकाचं, हाताने फिरवायचं शिलाई मशीन. एक गोरा माणूस हसत हसत चाक फिरवत होता आणि जाड चामड्याचा पट्टा सुईखालून मुकाट्याने शिवून बाहेर पडत होता. खाली लिहिलं होतं, कुणालाही जमेल, घरबसल्या. मी एकटाच हसायला लागलो. बायकोने आतून विचारलं, काय झालं. म्हटलं, आप्पांची आठवण झाली. ती म्हणाली, मग हसताय कशाला? आता या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर शंकरआप्पांबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल.

आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सचे फोरमन होते आणि मी तिथेच लॅबमध्ये. दौंडात आमची घरंही भिंतीला भिंत लागून. म्हणजे शिफ्टमध्ये त्यांचं बोलणं पगारी ऐकायचं आणि घरी आल्यावर बिनपगारी. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. 'काय केमिस्ट' म्हणायचे, आणि ते अशा सुरात की आपण औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं कापायला बसतो असं माझं मलाच वाटायला लागावं. त्यांनी कुणाचं कौतुक केलं, तर त्या माणसाने घरी जाऊन शांतपणे विचार करावा, आपलं नेमकं काय चुकलं. एखादा नवा इंजिनिअर गळक्या पंपाजवळ वाकून बघायला लागला की आप्पा अदबीने म्हणायचे, "सायेब, तुमी जरा लांब हुबं ऱ्हावा. पंप तुमाला लाजतोय." बिहारहून आलेल्या एका फिटरने बोल्ट ढिला ठेवला होता. त्याला आप्पांनी विचारलं, "भैया, ये बोल्ट कसा है, या खाली समझाया है?" तो गरीब बिचारा म्हणाला, "समझाया है, साहब."

निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी शाल घातली आणि भाषणात सांगितलं, की आप्पांची उणीव कंपनीला कायम भासेल. आप्पा उत्तराला उभे राहिले. "कायम न्हाई भासायची," ते म्हणाले, "पयला ब्रेकडाऊन आला की भासंल, मशीन चालू झालं की इसरताल." आणि बसले. एवढंच भाषण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायच्या असतात.

अशा माणसाच्या घरात कमलकाकूंसारखी बाई कशी टिकली, हे आमच्या गल्लीला न सुटलेलं कोडं होतं. काकू शिरूरच्या. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या तेही पदराशी चाळा करत. आप्पांच्या एखाद्या तिरकस वाक्यावर त्या फक्त "असू द्या" म्हणायच्या. आप्पांच्या अख्ख्या आयुष्यावरचं ते एकमेव उत्तर होतं आणि ते त्यांना कधी खोडता आलं नाही.

आमच्या तालुक्यात जिकडे बघावं तिकडे ऊस, त्यामुळे साखर शेतात पिकते, चहात पडते आणि शेवटी रक्तात सापडते. काकूंच्याही सापडली. पुढे डाव्या पायात खिळा घुसला आणि तो घुसल्याचं त्यांना कळलंच नाही, कारण पायाची जाणीवच गेली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, आता अनवाणी म्हणून चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. पुन्हा जखम झाली तर पाय जाईल.

अंगठा गेला म्हणजे आपल्याकडच्या बायकांच्या निम्म्या चपला गेल्या, कारण चप्पल धरायची ती अंगठ्याने. आणि शेजारचं बोट म्हणजे जोडव्याचं. बायांची नजर आधी गळ्याकडे जाते आणि मग पायाकडे. काकूंनी जोडवं पुढच्या बोटात घालून पाहिलं, ते राहीना. मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. आधी बाजार सुटला, मग देऊळ, मग आमच्याकडे येणंही. शिरूरच्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि काकू त्याच्या एकुलत्या आत्या. त्यांच्याकडे नवरदेवाला हळदीचा पहिला हात आत्याचा. त्या पोराला काकूंनीच लहानाचा मोठा होताना अंगाखांद्यावर खेळवलेला. पण आता त्या म्हणाल्या, "मी न्हाई यायची. त्याला फोनवर आशीर्वाद देईन." आप्पा म्हणाले, "बरं." आप्पांनी एका शब्दात उत्तर दिलं म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुण्याहून त्यांनी साखरेच्या पायांसाठी खास मिळतात तसले बूट आणले. काळे, जाड, वजनदार. काकूंच्या पंजाला ते एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल. आठवड्यात टाचेवर लाल चट्टा उठला. आप्पांनी ते बूट उचलून कपाटावर ठेवले आणि म्हणाले, "ह्ये घालून शिरूरला गेली तर लोकं म्हणत्याल, हळदीला बंदोबस्त मागवलाय." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या दारात एक फाटका खोका आला.

खोक्यातून निघालं ते हे जाहिरातीतलं मशीन. स्वस्तातलं, चिनी, हँडलचं. सोबत एक कागद होता. त्यावर न वाचता येणारी अक्षरं आणि एक चित्र, ज्यात बाणाच्या टोकाशी दुसरा बाण होता. आप्पांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "त्यांचाच ह्याच्यावर भरवसा न्हाई," ते म्हणाले, "म्हनून कायच सांगितलं न्हाई." मग चाक फिरवून पाहिलं. आतून खडी दळल्यासारखा आवाज आला. बिडाच्या ओतकामातली वाळू तशीच आत राहिलेली, कडा न घासलेल्या, एक स्क्रू आडवा गेलेला. मी म्हटलं, आप्पा, परत पाठवा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लॅबमध्ये परत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"केमिस्ट, ह्ये मशीन न्हाई. मशीनचा कच्चा माल हाय. मशीन आपुन करायचं."

आणि खरोखरच त्यांनी ते केलं. सगळं खोललं. मोडक्या पलंगाची फळी कापून तिच्यावर बोल्टने बसवलं, कारण नुसतं ठेवलं तर चाक फिरवताच ते टेबलावरून चालायला लागायचं. दोरा जिथे जिथे घासून तुटायचा, तिथे कानस आणि पॉलिश पेपर. त्या मशीनची खुबी अशी, की खालचा भाग हातभर नळीसारखा पुढे आलेला असतो. त्याच्यावर चप्पल किंवा बूट चढवून आतून टाका घालता येतो. आणि चामडं दाबून पुढे ढकलणारा जो पाय असतो, तो चारी दिशांना फिरतो. पाय ज्या दिशेला फिरवाल, शिवण त्या दिशेला जाते. हे पाहून आप्पा खूश झाले. "आमच्या थोरल्यासारखं हाय," ते म्हणाले, "कुठंबी तोंड फिरवतंय आन् तिकडंच चालतंय."

थोरले म्हणजे राहू गावचे आबा, त्यांचे मोठे भाऊ. ते पुढे येतीलच, कारण ते सगळीकडे पुढे येतात.

आप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांना नावं ठेवली होती. आता त्यांचे स्वतःचे हात चामड्यावर चालायचे होते, आणि तो सोहळा बघायला मी संध्याकाळी न चुकता जायचो. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने चामडं वळवायचं, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना तिसऱ्याने दोरा धरायचा. खालच्या दोऱ्याची बॉबिन नखाएवढी. जाड दोरा भरला तर वीतभर शिवण होते न होते तोच संपायचा. मग खाली बारीक दोरा आणि वर जाड, मग वरचा खालच्याला ओढून वर आणायचा, मग ताण कमी, मग खाली गुंता. पहिल्या आठवड्यात त्यांनी एक पाकीट शिवलं आणि सोबत स्वतःच्या सदऱ्याची बाही. माझ्या पिशवीचा पट्टा तुटला होता, तो मी धीर करून दिला. पट्टा पक्का बसला. पिशवीची चेनही पक्की बसली. ती पिशवी पुन्हा उघडली नाही. मी तक्रार केली तेव्हा म्हणाले, "चोराला बी उघडायची न्हाई. कंपनीत असं सिक्युरिटीला जमलं व्हतं का?"

चामड्याचा तळ आतून कसा शिवायचा, हे मात्र त्यांना जमेना. दौंडात कुणाला विचारावं तर ओळखीचे लोक. थोरल्यांच्या कानावर जाईल. म्हणून आप्पा मला गाडीवर मागे बसवून चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे थेट शिरूरला घेऊन गेले. ओळख टाळायला सासुरवाडीच्या गावी जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. बाजारपेठेच्या कडेला एक म्हातारे कारागीर आपली पेटी मांडून बसलेले. आप्पा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा.

"मामा, तळाची शिवण आतनं कशी घ्यायची?"

"कुणाला शिकायचीय?"

"मला."

म्हाताऱ्यांनी हातातली आरी खाली ठेवली आणि आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गाव कुठलं, पाव्हणं?"

"राहू."

"जमीन हाय?"

"हाय की."

"मंग बरं चाललंय की तुमचं. आमी तीन पिढ्या ह्यातनं भाईर पडाय बघतोय, आन् तुमी दारात हुबं ऱ्हाऊन आत येऊ द्या म्हणताय. माझा ल्योक पुण्यात कंप्युटरवर बसतो. त्यो गावाला आला तर ह्या पेटीकडं बघत बी न्हाई. आन् म्या बी त्याला बघू देत न्हाई."

आप्पांना कुणी असं सरळ परतवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्यांना शाल घातली. पण आप्पा उठले नाहीत. म्हणाले, "मला धंदा न्हाई करायचा, मामा. एकच पाय हाय."

"कुणाचा?"

"घरातला."

म्हाताऱ्यांनी विचारलं, काय झालंय पायाला. आप्पांनी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मागच्या गाठोड्यातून मऊ, पातळ चामड्याचा एक तुकडा काढला, स्वतःच्या गालावर घासून पाहिला आणि दिला. "ह्ये आतनं लावा. खरबरीत बाजू पायाकडं यिऊ देऊ नका. शिकवायचं तेवढं बोलू नका. शिकवायची माझी हौस व्हती तवा कुणी आलं न्हाई." एवढं बोलून त्यांनी पुन्हा आरी उचलली आणि आमच्याकडे पाठ केली.

आम्ही दौंडात पोचण्याआधी बातमी सासुरवाडीहून निघून राहूला पोचली होती.

आबा दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या गाडीतून आले. गावच्या सोसायटीत, पंचायतीत, जिथे म्हणून खुर्ची असते तिथे आबा. ते आप्पांच्या पुढच्या खोलीत बसले, समोर ते मशीन, आणि त्याच्याकडे न बघण्याचा त्यांनी इतका प्रयत्न केला की त्यांची मान दुखली असेल.

"शंकर, हौस म्हनून कर काय करायचं ते. पर असं दारात नगं. लोकं इचारत्यात."

"काय इचारत्यात?"

"म्हंजी... तुला समजतंय."

"न्हाई समजत. तू सोसायटीत तिसऱ्यांदा पार्टी बदलली, तवा लोकांनी काय इचारलं व्हतं?"

आबांनी चहा अर्धा सोडला. काकू आतून म्हणाल्या, "असू द्या." ते दोघांपैकी कुणाला म्हणाल्या, हे कळलं नाही.

आप्पांनी मशीन दारातून हलवलं नाही. उलट त्या वर्षी खंडेनवमीला ते पोत्यात गुंडाळून, मला सोबत घेऊन, रिक्षाने राहूला नेलं. आबांच्या अंगणात पूजेला सगळी अवजारं मांडलेली. ट्रॅक्टर, जेसीबी, फवारणीचा पंप, खोरी, कोयते, नातवाचा लॅपटॉपसुद्धा. आप्पांनी पोतं सोडलं आणि ट्रॅक्टर नि जेसीबीच्या मधे आपलं मशीन ठेवलं. आबा ताट घेऊन निघाले. ट्रॅक्टरच्या चाकाला हळदकुंकू लागलं आणि मग आबांचा हात मशीनवरून तसाच पुढे जाऊन जेसीबीच्या बकेटला लागला. मधे काही ठेवलेलंच नाही, असं. अंगणातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी जेसीबीचं कौतुक सुरू केलं.

आप्पांनी ताटातली चिमूटभर हळद घेतली, स्वतः मशीनला लावली आणि हात जोडले. मग आबांना म्हणाले, "तुजं बरुबर हाय, आबा. चामड्याचा इटाळ नगं. तेवढं खिशातलं पाकीट आन् कमरंचा पट्टा भाईर ठिवून ये, मंग जेवाय बसू." त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोतं बांधलं आणि परत आले. घरी काकूंनी विचारलं, जेवलात का? "पोटभर," आप्पा म्हणाले, आणि मशीनवर बसले.

तळाची शिवण आप्पांनी चुकतमाकत स्वतःच बसवली आणि एका सकाळी पहिला जोड झाला. काकूंच्या पायाचा कागदावर आकार काढून, गेलेल्या बोटांच्या जागी फेल्टची भर घालून, पुढून बंद आणि मागून रुंद पट्टा, असा. काकूंनी घातला, घरात दोन फेऱ्या मारल्या, छान म्हणाल्या. संध्याकाळी पाय आतच जाईना. साखरेच्या पायाला संध्याकाळी सूज येते, हे आप्पांनी धरलंच नव्हतं. त्यांनी तो जोड हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "सकाळचा पाय येगळा, संध्याकाळचा येगळा," ते म्हणाले. "दोन बायका केल्याचं पाप लागलं मला, सुख मिळालं न्हाई." काकू हसल्या. बोटं गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आप्पांनी शिवण उसवायला घेतली.

दुसरा जोड करायला घेतला तेव्हा आप्पांच्याच छातीत दुखलं. दवाखान्यात ठेवावं लागलं. आठवडाभराने घरी आले, पलंगावर न टेकता आधी मशीनपाशी गेले, आणि चाक हलेना. जाम. आप्पांनी चष्मा लावला, खाली वाकून पाहिलं, बोट लावून वास घेतला. प्रत्येक सांध्यावर पिवळसर चिकट थर, लाखेसारखा सुकलेला. त्यांचा आवाज चढला. कुरकुंभच्या पंपांनाही ऐकवली नसतील अशी वाक्यं त्यांनी मशीनला तेल घालणाऱ्या अज्ञात शहाण्याबद्दल ऐकवली. मला वाटलं, संशय माझ्यावर आहे. तेवढ्यात काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्याच घातलं. तुमी न्हवता. गंजंल म्हनून रोज घातलं. करडईचं. चांगलं घाण्याचं व्हतं."

करडईचं तेल फोडणीला उत्तम, पण उघड्यावर राहिलं की सुकून रोगणासारखं घट्ट होतं. हे केमिस्ट म्हणून मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. आप्पा मशीनकडे पाहत राहिले. रोज, पाय ओढत, हा लोखंडाचा गोळा पुसून त्याला जेवणातलं तेल पाजणारी बाई त्यांना दिसत असणार. बायकोशी आयुष्यभर तिरकं बोललेल्या त्या माणसाचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "तेल चांगलंच हाय. ह्या मशीनलाच चांगल्याची सवय न्हाई." आणि पुढचे दोन दिवस डिझेलमध्ये ब्रश बुडवून एकेक सांधा धुवत बसले. तेलाबद्दल नंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि कुणाला काढू दिला नाही.

सुजेला जागा देणारा, पट्टा ढिला-घट्ट करता येणारा जोड शेवटी झाला. देखणा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. उजवा डाव्यापेक्षा जरा थोराड वाटायचा आणि रंगही दोन प्रकारचा, कारण चामडं दोन प्रकारचं. पण काकूंचा पाय त्यात सकाळी बसायचा, संध्याकाळी बसायचा आणि कुठे लाल व्हायचा नाही. त्या घरभर तो घालून फिरायला लागल्या. फक्त देवघराशी थांबायच्या. चामडं घालून आत जायचं नाही आणि अनवाणी पाय टाकायचा नाही, म्हणून देवपूजा आप्पांकडे आली. ती त्यांनी देवालाही टोमणे मारत केली असेल. मग एक दिवस काकूंनी आपणहून शिरूरला फोन लावला आणि सांगितलं, हळदीला येते. त्या दिवशी आप्पांनी मला चहाला बोलावलं आणि चहाला नावं ठेवली नाहीत.

लग्न उन्हाळ्यात होतं. हळद सकाळी, नवरदेवाच्या घरी. आप्पांनी गाडी केली होती, मी आणि बायकोही सोबत होतो. काकूंनी हिरवी साडी नेसलेली, पायात तो जोड. गाडीतून उतरल्या आणि कुणाचा हात न धरता मांडवापर्यंत चालत गेल्या. आप्पा मागून. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर काकूंच्या टाचांवर होती, नव्या मशीनच्या पहिल्या फेरीला असते तशी.

मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग पडलेला. मांडवात देवक बसवलेलं. आत सगळे अनवाणी. काकू त्या ढिगापाशी येऊन थांबल्या.

चामडं, दोरा, सूज, फेल्ट, सगळ्याचा विचार झाला होता. पण आपल्याकडे माणूस कुठेही महत्त्वाच्या ठिकाणी जातो तो चप्पल बाहेर काढून जातो, हे ना आप्पांच्या ध्यानात आलं होतं, ना काकूंच्या, ना माझ्या. ज्या दारासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच दाराशी तो पायातून काढायचा होता. घरातल्या देवघराने इतके दिवस तेच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला देवघराची अडचण समजून सोडून दिलं होतं. आत मांडववाल्यांनी टाकलेले खिळे नि तारांचे तुकडे पसरलेले. जाजमापलीकडे पाट मांडलेला, नवरदेव बसलेला, आणि सगळ्या बायका पहिल्या हाताची वाट बघत आमच्याकडे तोंड करून उभ्या.

आबाही आलेले होते. पाहुण्यांत पुढच्या खुर्चीवर. ते उठले, जवळ आले आणि हळू आवाजात आप्पांना म्हणाले, "शंकर, तिला खुर्ची दे भाईर. दुसरं कुणीबी हात लावंल. तमाशा नगं." आप्पांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या माणसाकडे पंपासाठी, मॅनेजरसाठी, देवासाठी वाक्य तयार असायचं, त्याच्याकडे त्या घडीला एकही नव्हतं. ते खाली वाकले. मला वाटतं, काकूंच्या पायातला पट्टा सोडायला वाकले.

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना थांबवलं. आतून त्यांची भावजय पुढे आली. वाईट बाई नव्हती. ओशाळून म्हणाली, "वन्सं, तेवढ्या चपला..."

"चपला न्हाईत, वहिनी," काकू म्हणाल्या. पदराशी चाळा नव्हता. "ह्ये पाऊलच हाय माजं. ह्यांनी करून दिलंय. काढून कुठं ठिवू?"

भावजयीने एकदा देवकाकडे पाहिलं, एकदा काकूंच्या पायाकडे. मग तिने हळदीची वाटी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात काकूंपुढे धरला. काकू आत गेल्या, त्या दोन रंगांच्या जोडासकट. जाजमावरून सावकाश, पण न लंगडता. नवरदेव पाटावरून अर्धा उठला होता, त्याला त्यांनी दाबून बसवलं आणि दोन्ही गालांना हळद फासली. कुठल्यातरी म्हातारीने गाणं धरलं आणि बाकीच्या तिच्यामागे म्हणायला लागल्या. आबा परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले होते आणि मोबाईलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचत होते.

आप्पा आत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तोवर आम्ही रोज भेटत होतो, ते रोज मला 'केमिस्ट' म्हणून घालून पाडून बोलत होते, पण आप्पा म्हटलं की मला ते त्या मांडवाच्या तोंडाशीच दिसतात. चपलांच्या ढिगात उभे, एका हाताने मांडवाचा खांब धरलेला, डोळे पुसायचं विसरलेले. त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "डाव्या टाचंचा टाका बघ रं. हितनं मला नीट दिसंना. सरळ बसलाय का?"

मी पाहिलं. काकू पाठमोऱ्या वाकल्या होत्या, साडी वर सरकली होती आणि टाचेवरची शिवण स्पष्ट दिसत होती. ती चांगली तिरकी गेली होती, पुढे वळली होती आणि शेवटी पुन्हा कशीबशी रेषेवर आली होती.

"एकदम सरळ आहे, आप्पा," मी म्हणालो.